गुन्ह्याच्या तपासात रेणूंची साक्ष

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिएटल शहराच्या दक्षिणेला ग्रीन रिव्हर नावाची नदी आहे. १९८२ च्या उन्हाळ्यात या नदीच्या पात्रात आणि काठावर एकामागून एक तरुण स्त्रियांचे मृतदेह सापडू लागले. पुढील काही वर्षांत बळींची संख्या वाढत गेली. मारेकरी मात्र सापडत नव्हता. पोलिसांनी एक गोष्ट नेटाने केली. मृतदेहांबरोबर मिळालेले कपडे आणि इतर वस्तू त्यांनी जपून ठेवल्या. अखेर ३० नोव्हेंबर २००१ रोजी गॅरी रिजवे या इसमाला अटक झाली. केनवर्थ या ट्रक बनविणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात तो सुमारे तीस वर्षे रंगकाम करीत होता. त्याच्या अटकेला आधार मिळाला तो प्रामुख्याने डीएनए चाचणीचा. परंतु सुरुवातीला त्याच्यावर आरोप ठेवता आला तो केवळ चार खुनांचा. बाकीच्या प्रकरणांत जैविक पुरावा काळाच्या ओघात नष्ट झाला होता.

पुढचा दुवा मिळाला तो रंगाच्या कणांतून. जपून ठेवलेल्या कपड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्यांवर उघड्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे रंगाचे गोलाकार कण आढळले. फवाऱ्याने रंग मारताना हवेत उडालेले काही थेंब खाली पडण्यापूर्वीच वाळतात आणि त्यांचे असे चिमुकले गोळे बनतात. स्किप पॅलेनिक या सूक्ष्मदर्शकतज्ज्ञाने अवरक्त किरणांच्या साह्याने या कणांचे विश्लेषण केले. ते पॉलियुरेथेन जातीच्या, 'इम्रॉन' या व्यापारी नावाच्या रंगाशी जुळले. हाच रंग रिजवेच्या कारखान्यात ट्रकसाठी वापरला जात असे. या पुराव्याच्या बळावर मार्च २००३ मध्ये त्याच्यावर आणखी तीन खुनांचे आरोप ठेवण्यात आले. ५ नोव्हेंबर २००३ रोजी त्याने न्यायालयात एकूण ४८ खुनांची कबुली दिली.

रंगाच्या त्या कणांवर रिजवेचे नाव लिहिलेले नव्हते. 'आम्ही अमुक पदार्थाचे बनलेलो आहोत' एवढेच ते सांगत होते. तथापि ही साक्ष वीस वर्षांनंतरही बदललेली नव्हती आणि ती नोंदविताना कण नष्टही झाले नाहीत. अवरक्त आणि रामन वर्णपटशास्त्र या दोन पद्धतींचे गुन्हे अन्वेषणातील महत्त्व या प्रकरणातून नेमके ध्यानात येते.

रेणूंची कंपने

'प्रत्येक संपर्क आपली खूण मागे ठेवतो' या आशयाचे तत्त्व फ्रान्समधील एडमंड लोकार्ड यांच्या नावाने ओळखले जाते. लोकार्ड यांनी १९१० मध्ये लिऑन येथे पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. खूण मागे राहते हे खरे. परंतु ती बहुधा धुळीच्या कणाएवढी असते. मोटारीच्या रंगाचा टवका, स्वेटरचा धागा, चिमूटभर पांढरी पूड, कागदावरची शाईची रेघ अशा गोष्टी हाताशी येतात. हा पदार्थ नेमका कोणता, हा तपासातील पहिला प्रश्न असतो.

त्याचे उत्तर रेणूंच्या कंपनांत दडलेले आहे. रेणूतील अणू एकमेकांशी घट्ट खिळलेले नसतात. स्प्रिंगने जोडलेल्या गोट्यांप्रमाणे ते सतत थरथरत असतात. गोट्या जड असतील तर कंपने संथ होतात, स्प्रिंग ताठ असेल तर ती जलद होतात. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील दुहेरी बंधाच्या कंपनाची गती वेगळी, तर ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातील बंधाची वेगळी असते. म्हणून प्रत्येक संयुगाला स्वतःचा असा कंपनांचा संच लाभतो. तो मोजता आला की पदार्थ ओळखता येतो. अवरक्त आणि रामन या दोन्ही पद्धती हीच कंपने मोजतात. मोजण्याची रीत मात्र भिन्न आहे.

अवरक्त वर्णपट

सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला असता त्याचे तापमान वाढते, असे विल्यम हर्शेल यांना १८०० मध्ये आढळले. डोळ्यांना न दिसणारे हे प्रारण म्हणजेच अवरक्त अथवा इन्फ्रारेड किरण होत. अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम कोब्लेंट्झ यांनी १९०५ मध्ये अनेक संयुगांचे अवरक्त वर्णपट प्रसिद्ध केले आणि रेणूतील विशिष्ट अणुगट विशिष्ट ठिकाणीच अवरक्त किरण शोषतात, हे स्पष्ट होऊ लागले.

पदार्थावर अवरक्त किरण सोडले असता ज्या किरणांची वारंवारिता रेणूच्या एखाद्या कंपनाशी जुळते, तेवढेच किरण शोषले जातात. बाकीचे निघून जातात. कोणते किरण गायब झाले याचा आलेख म्हणजे अवरक्त वर्णपट. आलेखाच्या आडव्या अक्षावर तरंगसंख्या 'प्रति सेंटीमीटर' या एककात मांडतात. विश्लेषणासाठी साधारणतः ४००० ते ४०० हा पट्टा वापरला जातो. त्यात १७०० च्या आसपास खोल दरी दिसली की कार्बोनिल गट असल्याचा तर्क करता येतो. २२४० च्या सुमारास टोकदार खूण दिसली तर नायट्राइल गट असण्याची शक्यता असते. तो अ‍ॅक्रिलिक धाग्यांत आढळतो. १५०० च्या खालचा भाग तर इतका गुंतागुंतीचा आणि प्रत्येक संयुगाचा इतका स्वतंत्र असतो, की त्याला शास्त्रज्ञ बोटाच्या ठशाचा प्रदेश म्हणतात.

पूर्वी यासाठी पदार्थ पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर खलात घोटून त्याची पारदर्शक चकती बनवावी लागे आणि आलेख काढण्यास बराच वेळ लागे. दोन सुधारणांनी चित्र पालटले. पहिली म्हणजे फूरिये रूपांतर तंत्र. यात सरकत्या आरशाच्या साह्याने सर्व तरंगलांबींची मोजणी एकत्रच होते आणि संगणक गणिताने त्यांची फोड करतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अशी उपकरणे बाजारात आली आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. प्रयोगशाळांत सर्रास ऐकू येणारे 'एफटीआयआर' हे नाव याच उपकरणाचे होय. दुसरी सुधारणा म्हणजे हिरा किंवा जर्मेनियमच्या स्फटिकावर नमुना नुसता दाबून धरण्याची पद्धत. किरण स्फटिकाच्या आतून परावर्तित होतात आणि नमुन्याच्या पृष्ठभागात जेमतेम एकदोन मायक्रोमीटर शिरून परततात. नमुना घोटावा लागत नाही, विरघळवावा लागत नाही. मोजणी झाली की तो उचलून पुन्हा पाकिटात ठेवता येतो.

रामन परिणाम

दुसऱ्या पद्धतीचा उगम भारतातला आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्या सहकार्याने एक नवा परिणाम पाहिला. एका रंगाचा प्रकाश पारदर्शक द्रवातून गेला असता विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाबरोबर अत्यंत फिकट असे वेगळे रंगही आढळतात. या दोघांनी सुमारे ६० द्रवांवर प्रयोग करून हा परिणाम सार्वत्रिक असल्याचे दाखविले. १९३० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक रामन यांना याच शोधासाठी मिळाले. २८ फेब्रुवारी हा दिवस भारतात १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो.

प्रकाशकण रेणूवर आदळून विखुरतो तेव्हा बहुतेक वेळा त्याची ऊर्जा बदलत नाही. परंतु क्वचित एखादा प्रकाशकण आपल्या ऊर्जेचा काही भाग रेणूच्या कंपनाला देऊन बाहेर पडतो. किती ऊर्जा कमी झाली हे मोजले की कंपन कळते. अडचण अशी, की असा भाग्यवान प्रकाशकण साधारणतः एक कोटीत एक असतो. म्हणूनच तीव्र आणि एकरंगी प्रकाश देणारा लेसर १९६० मध्ये अवतरेपर्यंत रामन वर्णपटशास्त्र नित्याच्या वापरात फारसे रुजले नाही. पुढे संवेदनशील प्रकाशशोधक आणि उत्तम गाळण्या आल्या आणि एकेकाळी खोलीभर पसरलेले उपकरण हातात मावू लागले.

एकमेकांना पूरक

एकच माहिती देणाऱ्या दोन पद्धती कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. वास्तविक त्या एकच माहिती देत नाहीत. ज्या कंपनात रेणूतील विद्युतभाराची विभागणी हेलकावे खाते, ते कंपन अवरक्त वर्णपटात ठळक दिसते. ज्या कंपनात रेणूचा इलेक्ट्रॉन-ढग फुगतो आणि आकसतो, ते रामन वर्णपटात उठून दिसते. त्यामुळे ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातील बंध पहिल्या पद्धतीत प्रभावी ठरतो, तर दोन गंधक अणूंमधील किंवा दोन कार्बन अणूंमधील बंध दुसऱ्या पद्धतीत.

व्यवहारातही फरक पडतो. पाणी अवरक्त किरण जोराने शोषते. त्यामुळे ओला नमुना पहिल्या पद्धतीला त्रासदायक असतो. रामन पद्धतीत पाण्याचा अडथळा नगण्य असतो. काच आणि पारदर्शक प्लास्टिक यांच्या आरपार लेसर जाऊ शकतो. अवरक्त सूक्ष्मदर्शकाने सुमारे दहा मायक्रोमीटर आकाराचा ठिपका तपासता येतो, तर रामन सूक्ष्मदर्शकाने एक मायक्रोमीटरच्या आसपासचा. उलटपक्षी अनेक रंगीत पदार्थ लेसर पडताच स्वतःच चमकू लागतात आणि त्या प्रतिदीप्तीत क्षीण रामन संकेत बुडून जातो. अवरक्त पद्धतीला ही अडचण येत नाही.

रंग, धागे आणि शाई

धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध घेताना या दोन पद्धतींची जोडी विशेष उपयोगी पडते. मोटारीवरचा रंग एकसंध नसतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. जखमीच्या कपड्यावर सापडलेल्या टवक्याचा आडवा छेद घेऊन एकेक थर तपासतात. थर बांधून ठेवणारे रेझिन कोणत्या जातीचे आहे ते अवरक्त वर्णपट सांगतो, तर त्यातील रंगद्रव्य कोणते ते रामन वर्णपट. थरांचा क्रम, जाडी आणि रसायन हे सगळे मिळून वाहनाची बनावट, कारखाना आणि उत्पादनाचा काळ यांचा माग लागू शकतो. कॅनडाच्या रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांकडे यासाठी वाहनांच्या रंगांचा मोठा माहितीसंग्रह आहे.

डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या धाग्यांची कुळेही अवरक्त वर्णपटावरून वेगळी करता येतात. सुती धागा, पॉलिएस्टर, अ‍ॅक्रिलिक आणि नायलॉन यांत गल्लत होत नाही. इतकेच नव्हे तर नायलॉन ६ आणि नायलॉन ६६ हे सख्खे भाऊही वेगळे ओळखता येतात. धाग्याला दिलेला रंग ओळखण्यास रामन पद्धतीची मदत होते.

कागदपत्रांच्या क्षेत्रातील गाजलेले उदाहरण म्हणजे 'व्हिनलंड नकाशा'. कोलंबसच्या आधी नॉर्स दर्यावर्दी अमेरिकेत पोहोचल्याचे दर्शविणारा हा नकाशा पंधराव्या शतकातील म्हणून येल विद्यापीठाने १९६५ मध्ये जगापुढे मांडला. वॉल्टर मॅक्रोन यांना १९७० च्या दशकात त्याच्या शाईत अ‍ॅनाटेज हे टायटॅनियम डायऑक्साइडचे रूप आढळले. या रूपातील पांढरे रंगद्रव्य विसाव्या शतकात, १९२० च्या दशकाच्या सुमारास व्यापारी प्रमाणावर बनू लागले. त्यावर वर्षानुवर्षे वाद झडले. २००२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील कॅथरीन ब्राउन आणि रॉबिन क्लार्क यांनी रामन सूक्ष्मदर्शक वापरून नकाशाला धक्का न लावता प्रत्यक्ष रेघांवर मोजणी केली. काळ्या रेघेत कार्बन मिळाला. तिच्या कडेने दिसणाऱ्या पिवळसर रेघेत अ‍ॅनाटेज. मध्ययुगातील लोहयुक्त शाई जुनी झाल्यावर कडेला पिवळसर डाग पडतो, त्याची नक्कल करण्यासाठी आधी पिवळी रेघ ओढल्याचा हा संकेत होता. २०२१ मध्ये येल विद्यापीठाने नव्या तपासण्यांनंतर हा नकाशा बनावट असल्याचे जाहीर केले. धनादेशावर मागाहून वाढविलेले शून्य किंवा मृत्युपत्रात घुसडलेली ओळ तपासताना हेच तत्त्व कामी येते. शाईचे दोन नमुने भिन्न ठरले तर एका बैठकीत लिहिल्याचा दावा टिकणे अवघड होते.

अमली पदार्थ आणि निरपराधांचा प्रश्न

रोजच्या कामाचा मोठा वाटा मात्र अमली पदार्थांच्या तपासणीचा असतो आणि इथे विश्लेषणातील चुकीची किंमत माणसाला स्वातंत्र्य गमावून मोजावी लागते. छापा घालणाऱ्या पथकाकडे रासायनिक रंगचाचणीचा संच असतो. पूड द्रावणात टाकली आणि ठरावीक रंग आला की संशय बळावतो. कोकेनसाठी वापरली जाणारी कोबाल्ट थायोसायनेटची चाचणी निळा रंग दाखविते. परंतु डायफेनहायड्रामिन या अ‍ॅलर्जीवरील साध्या औषधानेही निळा रंग येऊ शकतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ह्यूस्टन परिसरात अशा चाचणीच्या आधारे अनेकांनी तुरुंगवासाच्या धास्तीने गुन्हा कबूल केला आणि मागाहून प्रयोगशाळेच्या तपासणीत त्यांच्याकडील पूड अमली पदार्थ नसल्याचे निष्पन्न झाले.

यामुळे अमली पदार्थांच्या विश्लेषणाचे आंतरराष्ट्रीय मानदंड सुचविणाऱ्या 'स्वॉगड्रग' या तज्ज्ञगटाने चाचण्यांचे तीन वर्ग केले आहेत. रंगचाचण्या सर्वांत खालच्या, म्हणजे 'क' वर्गात मोडतात. अवरक्त आणि रामन वर्णपटशास्त्र हे वस्तुमान वर्णपटमापनाबरोबर सर्वांत वरच्या, 'अ' वर्गात आहेत, कारण ते रेणूच्या रचनेविषयी थेट माहिती देतात. कोकेनचे क्षाररूप आणि 'क्रॅक' म्हणून ओळखले जाणारे मूळरूप यांतील फरक अवरक्त वर्णपट दाखवितो. एकाच वस्तुमानाचे, पण अणूंची जागा बदललेले रेणू वेगळे करणे वस्तुमान वर्णपटमापीला कठीण जाते. तिथेही अवरक्त वर्णपट मदतीला येतो.

याहून महत्त्वाचा आहे तो नोंदीचा प्रश्न. रंगचाचणीतील रंग काही वेळाने उतरतो आणि उरतो तो केवळ पाहणाऱ्याचा शब्द. वर्णपटाचे तसे नाही. तो जतन होतो आणि अनेक वर्षांनी दुसरा तज्ज्ञ तो पडताळू शकतो. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका सरकारी रसायनतज्ज्ञाने नमुन्यांची चाचणी न करताच ते अमली असल्याचे अहवाल दिल्याचे २०१२ मध्ये उघड झाले. २०१७ मध्ये तेथे २१ हजारांहून अधिक खटले रद्द करावे लागले. कोणतेही उपकरण माणसाला अप्रामाणिकपणापासून रोखू शकत नाही. तथापि प्रत्येक अहवालासोबत मूळ वर्णपट जोडणे बंधनकारक असेल, तर न केलेली चाचणी केल्याचे भासविणे कितीतरी अवघड होते.

सील न उघडता

रामन उपकरणांनी घटनास्थळावरील कामाची पद्धतही बदलली आहे. पारदर्शक पिशवीतील पूड पिशवी न उघडता तपासता येते. त्यामुळे मुद्देमालाचे सील शाबूत राहते आणि हाताळणाऱ्याला विषबाधेचा धोका राहत नाही. आरडीएक्स, टीएनटी यांसारखी स्फोटके आणि अमोनियम नायट्रेटसारखे क्षारही असे ओळखता येतात.

अपारदर्शक बाटलीवरही तोडगा निघाला आहे. ब्रिटनच्या रदरफोर्ड अ‍ॅपल्टन प्रयोगशाळेत पावेल माटौसेक आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक युक्ती मांडली. लेसर एका ठिकाणी टाकायचा आणि विखुरलेला प्रकाश थोड्या अंतरावरून गोळा करायचा. असे केल्याने बाटलीच्या भिंतीचा संकेत कमी होतो आणि आतील पदार्थाचा वाढतो. द्रव स्फोटकांनी विमाने उडविण्याचा कट ब्रिटनमध्ये २००६ साली उघडकीस आला. त्यानंतर विमानतळांवर बाटल्या तपासण्यासाठी या तत्त्वावरील यंत्रे विकसित झाली. मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये हातात मावणाऱ्या अशाच उपकरणाने बंद बाटलीतील बनावट मद्य आणि त्यातील मिथेनॉल ओळखून दाखविले. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक बळी घेतले होते. ते आठवले की अशा उपकरणाची उपयुक्तता वेगळी सांगण्याची गरज उरत नाही. मात्र रक्तातील किंवा मद्यातील मिथेनॉलचे अचूक प्रमाण ठरविण्यासाठी आजही वायुवर्णलेखन हीच प्रयोगशाळांची नित्याची पद्धत आहे.

मर्यादा

या पद्धतींना मर्यादाही आहेत आणि न्यायालयाच्या दृष्टीने त्यांचे भान यशोगाथांइतकेच आवश्यक आहे. पहिली मर्यादा मिश्रणाची. रस्त्यावर विकली जाणारी पूड क्वचितच शुद्ध असते. नेहमीच्या एफटीआयआर उपकरणाला मिश्रणातील साधारणतः पाच टक्क्यांहून कमी असलेला घटक दिसेलच असे नाही. फेंटानिलसारखा तीव्र पदार्थ त्याहून कितीतरी कमी प्रमाणातही जीवघेणा ठरतो. म्हणून 'आढळला नाही' याचा अर्थ 'नाही' असा घेता येत नाही.

दुसरी मर्यादा संग्रहाची. संगणक अज्ञात वर्णपटाची तुलना साठविलेल्या हजारो वर्णपटांशी करतो आणि सर्वांत जवळचे नाव गुणांकासह सुचवितो. परंतु खरा पदार्थ संग्रहात नसेल तरीही यंत्र कोणते ना कोणते जवळचे नाव पुढे करतेच. रचनेत किंचित फेरफार केलेले नवनवे मादक पदार्थ बाजारात येत असताना हा धोका मोठा आहे. पडद्यावरचे नाव हा निष्कर्ष नव्हे. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून शिखर-शिखर पडताळणारा प्रशिक्षित डोळा त्याला लागतोच.

तिसरी मर्यादा भौतिक आहे. गडद रंगाचा नमुना लेसरच्या उष्णतेने करपू शकतो. स्फोटक पूड पेट घेऊ शकते. त्यामुळे 'नमुन्याला धक्का न लावणारी पद्धत' हे वर्णन योग्य शक्ती आणि योग्य तरंगलांबी निवडली तरच खरे ठरते.

चौथी मर्यादा तर्काची, आणि ती सर्वांत मोठी. धागा आरोपीच्या शर्टाशी 'जुळला' म्हणजे तो त्याच शर्टाचा, असे नव्हे. त्याच जातीचा आणि रंगाचा धागा हजारो शर्टांत असू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ मधील अहवालाने डीएनए विश्लेषण वगळता कोणत्याही न्यायसहायक पद्धतीने पुराव्याचा संबंध विशिष्ट व्यक्तीशीच असल्याचे काटेकोरपणे सिद्ध केलेले नाही, असे बजावले होते. वर्णपट पदार्थाचे कूळ सांगतो. त्या पदार्थाचा माणसाशी संबंध जोडणे हे उर्वरित पुराव्याचे काम आहे. ग्रीन रिव्हर प्रकरणातही रंगाच्या कणांना अर्थ प्राप्त झाला तो डीएनए आणि आरोपीचा व्यवसाय यांची जोड मिळाल्यामुळे.

संशोधनाच्या आघाडीवर रक्त, लाळ आणि घाम यांच्या डागांचा प्रकार रामन वर्णपटावरून ओळखण्याचे प्रयत्न न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथील विद्यापीठात इगोर लेडनेव्ह यांच्या गटाने केले आहेत. डागाचे वय ठरविण्याच्या दिशेनेही काम झाले आहे. असे तंत्र पूर्ण विश्वासार्ह झाले तर डाग न खरवडता तो डीएनए चाचणीसाठी राखून ठेवता येईल.

कायद्याच्या चौकटीत

भारतात रासायनिक परीक्षकाची पहिली प्रयोगशाळा १८४९ मध्ये मद्रास येथे सुरू झाली. मुंबईत ती १८७० मध्ये आली. त्या काळी विषप्रयोगाची प्रकरणे हेच तिचे मुख्य काम असे. आज महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचे संचालनालय असून त्याची मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिना येथे आहे. न्यायालयांच्या आवारात जो 'सीए रिपोर्ट' म्हणून ओळखला जातो, तो रासायनिक विश्लेषकाचा अहवाल अशाच प्रयोगशाळांतून येतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ नुसार तज्ज्ञाचे मत न्यायालयात ग्राह्य धरले जाते आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ नुसार सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल पुरावा म्हणून वापरता येतो. त्याच संहितेच्या कलम १७६ ने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी भेट देऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद केली असून, तिची अंमलबजावणी पाच वर्षांच्या मुदतीत राज्यांनी करावयाची आहे. घटनास्थळी नेता येण्याजोग्या उपकरणांची गरज त्यामुळे वाढणार हे उघड आहे.

अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तर या अहवालावर सर्व काही अवलंबून असते. १९८५ च्या या कायद्यानुसार हेरॉइनचे व्यापारी प्रमाण २५० ग्रॅम आहे आणि त्याहून अधिक साठ्यासाठी किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. कलम ३७ मुळे अशा प्रकरणांत जामीन मिळणे अत्यंत कठीण असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात मिश्रणातील निव्वळ अमली पदार्थाचे नव्हे, तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे असा निर्णय दिला. म्हणजेच पुडीत अमली पदार्थ आहे की नाही, या एका उत्तरावर कित्येक वर्षांचा तुरुंगवास ठरू शकतो. दुसरीकडे, थाना सिंग प्रकरणात २०१३ मध्ये याच न्यायालयाने नमुन्याच्या फेरतपासणीची मागणी केवळ अपवादात्मक परिस्थितीत आणि अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत विचारात घ्यावी, असे म्हटले आहे. २०२२ च्या नियमांनुसार जप्त मालाचे नमुने दोन प्रतींत घेतले जातात. तरीही आरोपीच्या वकिलाला दुसऱ्या तज्ज्ञाकडून पडताळणी करावयाची असेल, तर त्याच्या हाती वेळ थोडा असतो.

अशा परिस्थितीत निष्कर्षाच्या दोन ओळींचा अहवाल आणि मूळ वर्णपटासह आलेला अहवाल यांत मोठे अंतर पडते. पहिल्यावर विश्वास ठेवावा लागतो, तर दुसरा तपासून पाहता येतो. कोणते उपकरण वापरले, कोणत्या संग्रहाशी तुलना केली, गुणांक किती आला आणि शिखरे खरोखर जुळतात का, हे प्रश्न बचाव पक्षाचा तज्ज्ञ आलेख हाती आल्यावरच विचारू शकतो. रामन परिणामाचा शोध ज्या देशात लागला, त्या देशातील न्यायालयांत या शोधाचा लाभ दोन्ही पक्षांना मिळावयाचा असेल, तर उपकरणांच्या खरेदीइतकेच महत्त्व अशा नोंदी जतन करण्याला आणि त्या आरोपीलाही उपलब्ध करून देण्याला द्यावे लागेल.